लाहोरला वाचले गेलेले भाषण

चंदीगडहून सतलज फारशी दूर नाही. तिच्या पलीकडे बियास, रावी आणि रावीकाठी आता परदेशात गेलेले लाहोर. डिसेंबर १९०० मध्ये तेथे राष्ट्रीय सामाजिक परिषद भरली. या परिषदेचे प्राण असलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत. त्यांचे भाषण गोपाळ कृष्ण गोखले यांनी वाचले. विषय होता वसिष्ठ आणि विश्वामित्र. याच नद्यांच्या प्रदेशातील हे दोन प्रतिस्पर्धी ऋषी. आयुष्यभर दोन बाजू ऐकत आलेल्या माणसाने अखेरच्या भाषणाला हाच विषय निवडावा, याचे मला नवल वाटत नाही.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. विद्यार्थिदशेत मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून त्यांनी निबंध लिहिला आणि शिष्यवृत्ती काही काळ गमावली. तरीही इंग्रजी राज्यातून घेण्यासारखे जे होते, ते घेण्यास ते कचरले नाहीत. स्वतः प्रार्थनासमाजाचे असूनही १८७५ साली वेदप्रामाण्य मानणाऱ्या स्वामी दयानंदांच्या पुण्यातील व्याख्यानांना त्यांनी पाठबळ दिले, मिरवणुकीत चिखलफेक झाली तरी ते मागे हटले नाहीत. पुढे दोनच वर्षांनी दयानंद लाहोरला गेले; पंजाबातील आर्यसमाजाचा वृक्ष आपण येथे रोज पाहतोच.

दुसऱ्याची बाजू समजून घेण्याच्या या वृत्तीची किंमतही होती, आणि ती नेहमी त्यांनीच मोजली असे नाही. १८७३ मध्ये पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे नमून, विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. सुधारकांचा आक्षेप रास्तच होता. रमाबाईंना त्यांनी शिकविले, हे खरे. परंतु शिकण्यापायी घरातील बायकांचा जाच सोसला तो रमाबाईंनी.

खरी कसोटी लागली १८९५ साली. पुण्यात राष्ट्रसभेचे अधिवेशन होते. तिच्या मांडवात सामाजिक परिषद भरवू नये, असा टिळकपक्षाचा आग्रह होता. राजकारणासाठी सर्वांची एकी हवी, सामाजिक वादाने ती फुटेल, हा त्यांचा मुद्दा. समाज सुधारल्याविना राजकीय हक्क पेलणार नाहीत, हा रानड्यांचा. रानड्यांनी मांडव सोडला, परिषद सोडली नाही. ती त्यांनी वेगळ्या मांडवात भरविली. प्रतिपक्षाच्या म्हणण्यात एकीची खरी काळजी आहे, हे त्यांनी ओळखले असावे. सार्वजनिक सभाही टिळकपक्षाकडे गेली, तेव्हा १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. दहावीच्या वर्गात हा भाग शिकविताना कोण जिंकले, असे मुले हमखास विचारतात. मी त्यांना दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला लावते, मग गटांची अदलाबदल करते. आरडाओरडा नेहमी दुसऱ्या फेरीत कमी होतो.

लाहोरच्या परिषदेनंतर काही आठवड्यांतच, १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख आला. ज्यांच्याशी इतकी वर्षे वाद घातला, त्यांनी निर्जीव झालेल्या महाराष्ट्रात पुन्हा चैतन्य आणले, असे त्यात मोकळ्या मनाने मान्य केले होते. लेख टिळकांचा होता.