माझगावच्या टेकडीवरचे काका

डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे. टेकडीवर पाण्याचा जुना जलाशय आणि त्याच्या माथ्यावर बाग. मे महिन्याच्या सुटीत मी माझगावला मावशीकडे राहायला जात असे. ऊन कलले की आम्ही पोरे धापा टाकत वर चढायचो. तिथून गोदी दिसायची, बोटी दिसायच्या, खारा वारा अंगावर यायचा. या जागी एके काळी इंग्रजांचा किल्ला होता आणि १६९० च्या सुमारास सिद्दी याकूतखानाने तो जमीनदोस्त केला, हे मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा आमचे सारे लक्ष बोटी मोजण्यात.

बागेचे नाव जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. हा कोणी गोरा साहेब असणार, अशी माझी पक्की समजूत होती. साहेबांच्या नावांचे रस्ते एकेक करून बदलले गेले, त्यातून ही पाटी तेवढी नजरचुकीने राहिली, असे मला वाटायचे.

ही समजूत मोडली ती मावशीच्या दारात. शेजारच्या माथारपाखाडीतून एक म्हातारी दर उन्हाळ्यात मसाला घेऊन यायची. ख्रिस्ती घरांत वर्षभराचा मसाला कांडून बाटल्यांत ठासून भरतात, तो बाटली मसाला. तिचे लुगडे आमच्या आजीच्या लुगड्याहून फारसे वेगळे नव्हते आणि बोलणे तर मराठीच, थोडे कोळी-आगरी वळणाचे. मी साहेबाच्या बागेत जाऊन आलो असे बोलून गेलो, तेव्हा ती मोठ्याने हसली. तो साहेब नव्हे, तो आमच्या पाखाडीतला काका, टिळकांचा माणूस, एवढे सांगून तिने बाटल्या मोजून दिल्या आणि ती गेली.

मला ते खरे वाटले नाही. आमच्या घरात टिळकांची तसबीर होती. दर १ ऑगस्टला मी शाळेत टिळकांवर भाषण करायचो, दोनदा बक्षीसही मिळाले होते. शेंगांच्या टरफलांपासून मंडालेपर्यंत सारे मला तोंडपाठ होते. त्या भाषणात कोणी जोसेफ कधी आला नव्हता. खरी गोष्ट अशी, की तो तिथे होता, मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ चा, याच माथारपाखाडीतला. वडील मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. हा ईस्ट इंडियन समाज मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातला जुना रहिवासी. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाला, पण शेती, मासेमारी, बोली आणि लग्नातली गाणी इथलीच राहिली. पुढे गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांच्याहून आपण वेगळे, आपण कंपनी सरकारची सर्वांत जुनी प्रजा, हे दाखवण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. राणीच्या उत्सवात कंपनीचे नाव धारण करणाऱ्या या समाजातला एक मुलगा पुढे तीसच वर्षांच्या आत होमरूल लीगचा अध्यक्ष झाला.

शाळा माझगावच्या सेंट मेरीजमध्ये झाली. मग पुण्यात इंजिनिअरिंगचे शिक्षण आणि नंतर केंब्रिज. तिथे राज्यशास्त्र शिकून आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईला परतले. त्या काळी विलायतेत आयर्लंडचा प्रश्न गाजत होता. आयरिश लोकांना स्वतःच्या घरचा कारभार स्वतः करायचा होता, हेच त्यांचे होमरूल. ते देणारी विधेयके १८८६ आणि १८९३ अशी दोनदा पार्लमेंटात आली आणि दोनदा बारगळली. बाप्टिस्टांनी त्यातला मुद्दा मनात साठवून ठेवला. साम्राज्याच्या कायद्याची भाषा वापरूनच साम्राज्याकडे घर परत मागता येते, हा तो मुद्दा.

१९०१ साली ते मुंबई महापालिकेत गेले आणि पुढे कितीतरी वर्षे तिथे राहिले. वकिली होती, मान होता. सरळ वाटेने गेले असते तर एखादी पदवी आणि बंगला हे सहज पदरात पडले असते. त्यांच्या समाजातल्या पुष्कळांची पोटे सरकारी आणि साहेबी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांवर चालत होती. राज्यकर्त्यांचा धर्म तो आपला धर्म, तेव्हा आपण त्यांच्याच बाजूचे, असे बाहेरचे लोक धरून चालत आणि आतलेही काही जण.

१९०८ च्या जूनमध्ये केसरीतल्या लेखांवरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले, तेव्हा कायद्याचा सल्ला द्यायला त्यांच्याजवळ बाप्टिस्टा होते. टिळकांनी बचावाचे भाषण स्वतःच केले, पाच-सहा दिवस केले. ज्यूरीत सात युरोपियन होते आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. गिरण्यांच्या मजुरांनी सहा दिवस काम बंद ठेवले, ते आपण इतिहासात वाचतो. त्या दिवसांत राजद्रोह्याच्या शेजारी बसणारा बॅरिस्टर आपले पुढचे किती दरवाजे बंद करून घेत असेल, ते मात्र कुठे लिहिलेले नसते. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, सावरकरांवरचा खटला खास न्यायालयापुढे चालला. त्यांच्या बचावाच्या वकिलांतही बाप्टिस्टांचे नाव आहे. मतांनी ते सावरकरांच्या वाटेचे नव्हते. वकीलपत्र घेताना त्यांनी त्या फरकाची अडचण मानली नाही.

टिळक १९१४ साली मंडालेहून सुटून आले. चळवळ थंडावली होती, माणसे पांगली होती. आता पुढे काय, या प्रश्नाचे एक उत्तर बाप्टिस्टांजवळ केंब्रिजपासून तयार होते. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. टिळकांनी स्वतः कुठलेही पद घेतले नाही. चिटणीस झाले नरसिंह चिंतामण केळकर आणि अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा. मी शाळेत बेळगाव म्हणायचो, सालही म्हणायचो, अध्यक्ष कोण ते म्हणत नव्हतो. ॲनी बेझंट यांची लीग त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काची जी घोषणा टिळकांच्या तोंडून घराघरांत गेली, तिची मूळ शब्दयोजना बाप्टिस्टांची असे मानणारे आहेत. ती कोणाची हे मी ठरवणार नाही. दोघांचे काम इतके एकजीव झाले होते, की अशी शंका निघू शकते, एवढेच मला पुरे वाटते.

पुढच्याच वर्षी लीगच्या कामासाठी ते विलायतेला गेले. महायुद्ध चालू होते. हिंदुस्थानची बाजू तिथल्या मजूर पक्षाच्या लोकांना पटवून देणे हे त्यांचे काम. ज्या देशात विद्यार्थी म्हणून राहिले, तिथे आता ते आपल्या देशाचे वकील म्हणून फिरले.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. त्यांच्यामागे अनेकांचे राजकारण पोरके झाले. बाप्टिस्टा मात्र ज्या कामात आधीपासून होते, त्यात आणखी खोल गेले. ते काम कामगारांचे. टपालवाल्यांच्या आणि इतर कष्टकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांत ते लक्ष घालत. तीन महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि उभारणी करणाऱ्यांत बाप्टिस्टा पुढे होते. १९२१ चे दुसरे अधिवेशन झरियाच्या कोळशाच्या पट्ट्यात, खाणकामगारांच्या दारात भरले. त्याचे अध्यक्ष स्वतः बाप्टिस्टा. १९२५ साली मुंबई महापालिकेने त्यांना अध्यक्ष निवडले. आजच्या भाषेत महापौर. १९३० साली ते वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांना काका कोणी म्हणायला सुरुवात केली, याला माझ्या दृष्टीने महत्त्व नाही. आपल्याकडे काका ही पदवी सरकार देत नाही आणि विद्यापीठही देत नाही. घरातले माणूस वाटले की जीभ आपोआप तो शब्द उच्चारते. बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा या भारदस्त नावाला लोकांनी काका हा साधा शब्द जोडला तो खटल्यांच्या दिवसांत, संपांच्या दिवसांत, जेव्हा जवळ उभे राहणाराला काही मिळण्यासारखे नव्हते. ते रविवारी चर्चमध्ये जाणारे होते आणि टिळक गीतेवर ग्रंथ लिहिणारे. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला आपले काही सोडायला लावले नाही.

मग ते माझ्या भाषणातून कसे निसटले? कोणी मुद्दाम पुसले असे मी म्हणत नाही. आम्ही पाटी वाचली, नाव परके वाटले, आणि माणूसही परका ठरवून टाकला. म्हातारी दर वर्षी दारात येत होती, तिच्या मसाल्याशिवाय मावशीची कालवणे होत नव्हती. तरी तिच्या पाखाडीत कोण जन्मले, हे विचारायला आम्हा शेजाऱ्यांपैकी कोणी गेले नाही. ती पाखाडी मावशीच्या घरापासून पाच मिनिटांवर होती.

मावशी आता नाही, म्हातारीही नाही. गेल्या वर्षी भाचीच्या मुलाला १ ऑगस्टसाठी भाषण लिहून हवे होते. मी लिहून दिले. शेंगांची टरफले राहू दिली, मंडाले राहू दिले. बेळगावच्या ओळीत एक नाव घातले. मुलाने वाचून विचारले, हा कोण इंग्रज? मी त्याला शेजारी बसवले आणि माझगावच्या टेकडीपासून सुरुवात केली.