ध्रुवाच्या उंचीवरून वाट शोधणारा अहमद इब्न माजिद

ओमानच्या किनाऱ्यावरील जुल्फार बंदरात, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नाविकांच्या घराण्यात अहमद इब्न माजिदचा जन्म झाला. हे स्थळ आज संयुक्त अरब अमिरातीतील रास अल खैमाच्या हद्दीत येते. आजोबा आणि वडील दोघेही मुअल्लिम, म्हणजे जहाजाचे वाटाडे. तांबड्या समुद्राच्या धोकादायक खडकांचे ज्ञान वडिलांनी पद्यात बांधून ठेवले होते. मुलानेही तीच रीत चालवली. अंधारात, वादळात पोथी उघडता येत नाही. पाठ केलेली कविता मात्र जवळच असते.

त्याचे मुख्य साधन अगदी साधे होते. कमाल म्हणजे लाकडाची एक फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी. दोरी दातांत धरून फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला भिडवायची. जी गाठ दातांत येईल तिच्यावरून ध्रुवाची उंची कळे. हे माप ‘इसबा’, म्हणजे बोट. एक बोट सुमारे १.६ अंशांचे. इष्ट बंदराच्या अक्षांशावर जहाज आणायचे आणि मग तो अक्षांश न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचे. १४९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘किताब अल-फवाइद’ या गद्य ग्रंथात चंद्राची २८ नक्षत्रे, होकायंत्राच्या ३२ दिशा आणि मोसमी वाऱ्यांचे हंगाम यांचे विवेचन आहे. आपल्याकडे अभिजित धरून २८ नक्षत्रे मोजतात, हे साम्य वाचकाला सहज जाणवेल.

ताऱ्यांवरून दिशा ठरवण्याची ही विद्या अवकाशयुगातही कामी आली. चंद्राहून सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेगाने परतणाऱ्या अपोलोच्या कुपीत अंतराळवीर सेक्स्टंटमधून तारे पाहून मार्गदर्शक यंत्रणा जुळवून घेत. वातावरणात शिरल्यावर संगणक कुपीला तिच्या अक्षाभोवती फिरवी आणि उचल देणाऱ्या बलाची दिशा बदलून तिला वळवी. त्या तारकायादीतील अल्देबरान, म्हणजे आपली रोहिणी, आणि अल्तायर, म्हणजे श्रवण, ही नावे अरबीच.

मृत्यूनंतर मात्र इब्न माजिदच्या माथी एक कलंक आला. १४९८ मध्ये वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतला त्यानेच आणले, आणि तेही मद्याच्या नशेत, असे सोळाव्या शतकातील मक्केच्या इतिहासकार नहरवालीने लिहिले. विसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक गाब्रिएल फेरांने वाटाड्याची ही ओळख उचलून धरली आणि ती जगभर रूढ झाली. पोर्तुगीज बखरकार मात्र त्या वाटाड्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात. इब्न माजिद तेव्हा वृद्ध होता आणि स्वतःच्या लेखनात त्याने अशा सफरीचा उल्लेख केलेला नाही. ‘फवाइद’चा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या टिबेट्सनेही हा दावा स्वीकारला नाही. ऐकीव गोष्टीवर एका विद्वानाला देशद्रोही ठरवणे अन्यायाचेच होते.

त्याची शेवटची ज्ञात रचना १५०० च्या सुमाराची आहे. १५०७ मध्ये आल्बुकर्कने मस्कत जाळले.