अलेक्स फॉन फाल्कनहाउझेन
अलेक्स फॉन फाल्कनहाउझेन (इ.स. १९०७ - इ.स. १९८९) हे जर्मन अभियंते व शर्यतपटू होते. म्युनिकमध्ये जन्मलेले फाल्कनहाउझेन १९३४ साली बीएमडब्ल्यू कंपनीत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी 'एएफएम' नावाने स्वतःच्या शर्यतीच्या मोटारी बांधल्या. १९५४ मध्ये ते बीएमडब्ल्यूत परतले.

१९५९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. तिला सावरणाऱ्या '१५००' या सेदान मोटारीसाठी त्यांनी एम१० हे चार सिलिंडरचे इंजिन रचले. व्यवस्थापनाला याहून लहान इंजिन पुरेसे वाटत होते. फाल्कनहाउझेन दीड लिटरवर ठाम राहिले, शिवाय इंजिनाच्या ठोकळ्यात दोन लिटरपर्यंत वाढीची जागा त्यांनी राखली. त्यामुळेच १९६८ ची '२००२' ही छोटी पण वेगवान मोटार शक्य झाली. जपानच्या प्रिन्स कंपनीने १९६४ साली हाच प्रश्न उलट बाजूने सोडवला होता: सहा सिलिंडरचे इंजिन मावावे म्हणून स्कायलाइन सेदानचा पुढचा भागच सुमारे २० सेंटिमीटर लांबवला. त्या वर्षी सुझुका येथे ती पोर्शे ९०४ च्या मागोमाग दुसरी आली.

फाल्कनहाउझेन १९७५ मध्ये निवृत्त झाले. १९८३ साली नेल्सन पिके ज्या टर्बो इंजिनावर फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले, त्याचा ठोकळा एम१० चाच होता.