तोफेवर नाव कोरून गेलेला उस्ताद : मुहम्मद बिन हुसेन रूमी

आपल्या मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड सगळ्यांना माहीत आहे. तिथली जुनी मशीद १५८२ साली खुदावंद खान महदवी याने बांधली. तेव्हा आपला हा वऱ्हाडचा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १५७४ मध्ये निजामशाहीने एलिचपूरच्या इमादशाहीकडून वऱ्हाड घेतला आणि १५९६ मध्ये चांदबीबीच्या तहात तो मोगलांकडे गेला. म्हणजे धामणगाव बढे, रोहिणखेड, मलकापूर या भागातल्या आपल्या पूर्वजांनी निजामशाहीचा अंमल पाहिलेला आहे.

या निजामशाहीतले बादशहा आणि सरदार आपल्याला ठाऊक असतात. चांदबीबी आणि मलिक अंबरवर शाळेत धडा असतो. पण याच दरबारात धातूचं काम करणारा एक उस्ताद होऊन गेला. त्याच्या हातची वस्तू पावणेपाचशे वर्षं झाली तरी जागेवर उभी आहे. त्याचं नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी. लोक त्याला रूमी खान म्हणून ओळखतात. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ त्याने ओतली.

रूमी म्हणजे रूमचा माणूस. आज ज्याला आपण तुर्कस्तान म्हणतो, त्या उस्मानी मुलखाला तेव्हा आपल्याकडे रूम म्हणत. तोफा ओतण्यात उस्मानी तुर्कांचा हात धरणारे त्या काळी थोडेच होते. १४५३ मध्ये सुलतान मुहम्मद फातेहने प्रचंड तोफांच्या जोरावर कॉन्स्टॅंटिनोपल घेतलं, तेव्हापासून त्यांचा दबदबा होता. गुजरात आणि दख्खनचे सुलतान अशा माणसांना मानाने बोलावून घेत, जहागिरी देत. रूमी खान ही पदवी त्यामुळे अनेकांना मिळाली. गुजरातेत बहादूरशहाच्या पदरी एक रूमी खान होता. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखाना चलबी रूमी खानाकडे होता. म्हणून इतिहास वाचताना प्रत्येक रूमी खान एकच समजू नये. आपल्या उस्तादाची खरी ओळख त्याच्या स्वतःच्या नावातच आहे, आणि ते नाव त्याने धातूवर उमटवून ठेवलं.

मुहम्मद बिन हुसेन नगरला (आताचं अहिल्यानगर) आला तेव्हा गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशहा होता. हा बादशहा १५५३ पर्यंत जगला. नगरची मक्का मशीद याच्याच काळातली, आणि ती रूमी खानाने बांधली असं सांगतात. परमुलखातून आलेला माणूस इथे नुसता पगारावर राहिला नाही, इथलाच झाला.

हिजरी ९५६, म्हणजे १५४९ साली त्याने मलिक-ए-मैदान ओतली. मलिक-ए-मैदान म्हणजे रणांगणाचा धनी. तोफेची लांबी सुमारे साडेचौदा फूट, तोंडाशी बाहेरून रुंदी जवळजवळ पाच फूट, आतलं भोक सव्वादोन फुटांच्या वर. वजन सुमारे ५५ टन. एवढा माल एका भट्टीत वितळत नाही. अनेक भट्ट्या एकाच वेळी तापवायच्या, सगळीकडचा रस एकदम तयार ठेवायचा आणि जमिनीत पुरलेल्या साच्यात न थांबता सोडायचा. मध्येच धार तुटली तर सांधा राहतो, आणि सांधा राहिलेली तोफ पहिल्याच बाराला आपल्याच माणसांचा जीव घेते. या कामात चूक झाली तर माफी नसते.

धातू तांबं आणि कथलाचा. साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. एवढं कथील घातलं की धातू कठीण होतो आणि वाजवला तर घंटेसारखा नाद देतो. या तोफेवर हात मारला तरी ती वाजते. पण असा धातू ठिसूळही असतो. छिन्नी जरा जोरात बसली की टवका उडतो.

खरा हुनर इथे कळतो. साच्यातून निघालेली कुठलीही ओतीव वस्तू खडबडीत असते. रस सोडलेल्या ठिकाणी गाठी असतात, कडांना चुरे असतात. ते छिन्नीने काढायचे, मग कानशीने घासायचे. कानस म्हणजे आपल्या घरी ज्याला रेती म्हणतात तीच. आधी जाड दाताची, मग बारीक दाताची, शेवटी घोटाई. बंदुकीच्या चापावरची फुलं असोत, खंजिराची मूठ असो की खिशातल्या चाकूचं पातं, पद्धत तीच. चाकू हातात फिरवता येतो. ५५ टनांच्या तोफेभोवती मात्र कारागिरालाच फिरावं लागतं.

आणि घडवलं काय? तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंह. त्याच्या सुळ्यांमध्ये हत्ती सापडलेला. हे चित्र रूमी खानाने तुर्कस्तानातून आणलं असं समजायचं कारण नाही. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांचे दरवाजे नीट पाहा. पंजात हत्ती दाबून धरलेले शरभ जागोजाग दिसतात. दख्खनच्या त्या काळच्या खंजिरांच्या मुठींवरही असेच एकमेकांशी झुंजणारे प्राणी घडवलेले आहेत, आणि असे खंजीर आज परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेत. म्हणजे ओतण्याची विद्या रूमची आणि चित्र आपल्या मातीचं. शिवाय एवढी मोठी तोफ एकट्याने होत नाही. भट्टीवाले, साचेवाले, घासणारे, वाहणारे अशी माणसांची फौज लागते. त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

तोफेवर मजकूर आहे. बुऱ्हाण निजामशहाचं नाव आहे, तो स्वतःला पैगंबरांच्या (स.) घराण्याचा सेवक म्हणवतो. साल आहे. आणि वेगळ्या जागी, हे काम मुहम्मद बिन हुसेन रूमीचं आहे, असंही आहे. बादशहाने ते लिहू दिलं, ही त्याचीही मोठी गोष्ट म्हणायची.

पुढे तोफ परांड्याच्या किल्ल्यावर गेली. १६३२ मध्ये आदिलशाहीचा मुरार जगदेव ती विजापूरला घेऊन आला. तिला ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. शर्जा बुरुजावर तिला बसवलं. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आपल्या विजयाचा मजकूर याच तोफेवर कोरून घेतला. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगलाई गेली. प्रत्येक सत्तेला तोफ हवी होती. कारागिराचं नाव मात्र कुणी पुसलं नाही.

मग इंग्रज आले. १८५४ मध्ये त्यांनी तोफ लिलावात काढली. बोली किती लागली? फक्त १५० रुपये. मोडीच्या भावात! नशीब की विक्री रद्द झाली. नाहीतर सिंहाचा तो जबडा वितळून त्याची भांडी झाली असती.

या १५० रुपयांचा विचार आपण करायला हवा. बोली लावणाऱ्याला तांबं दिसलं, हात दिसला नाही. आपल्या समाजात आजही तेच होतंय. शिकलगार बांधवांचं नावच सैकल, म्हणजे धातूची घोटाई, या शब्दावरून आलंय. लोहार, तांबट, गाड्यांना चाव्या करणारे, वेल्डिंगवाले, सगळे हाताचे उस्ताद. पण लग्नाचं स्थळ पाहताना पोरगा कानस चालवतो असं सांगायची आपल्यालाच लाज वाटते. आजोबांची हत्यारं भंगारवाल्याला किलोने जातात.

मुहम्मद बिन हुसेनला ती लाज नव्हती. त्याने बादशहाच्या नावासोबत आपलं नाव ठेवलं, आणि बापाचंही ठेवलं.

कधी विजापूरला गेलात तर गोल घुमट पाहून लगेच गाडीत बसू नका. मुलांना घेऊन शर्जा बुरुजावर चढा. तोफेसमोर फोटो काढा, पण तिच्यावरचं ते नावही त्यांना दाखवा. आणि घरी आल्यावर, तुमच्या घरात कुणाच्या हातची कुऱ्हाड, विळा, अडकित्ता असेल तर तो कुणी घडवला हे मोठ्यांना विचारून लिहून ठेवा.