हॉटेलसम्राट सेझार रिट्झ

हॉटेलात गेल्यावर आपण चहा मागवतो, गप्पा मारतो, बिल देतो आणि निघून जातो. टेबलावर फडके मारणाऱ्या पोऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. पण आपल्याला चहा कडक लागतो की कमी साखरेचा, हे त्याच्या पक्के ध्यानात असते. या साध्या गोष्टीत केवढे सामर्थ्य आहे हे ज्याने जगाला दाखवून दिले, तो सेझार रिट्झ एके काळी असाच एक पोऱ्या होता.

स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील नीडरवाल्ड या डोंगराळ खेड्यात २३ फेब्रुवारी १८५० रोजी एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तेरा भावंडांतला तो शेंडेफळ. डोंगरातली शेती ती केवढी, आणि खाणारी तोंडे किती! पंधराव्या वर्षी तो ब्रीग गावच्या एका हॉटेलात मद्य वाढण्याचे काम शिकायला राहिला. मालकाने त्याला लवकरच काढून टाकले. या धंद्याला लागणारी नजर या मुलापाशी नाही, असे त्याचे मत पडले म्हणतात.

१८६७ साली पॅरिसमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे कामधंद्यासाठी लोटलेल्या गर्दीत हा सतरा वर्षांचा मुलगाही होता. बूट पुसणे, सामान वाहणे, ताटल्या उचलणे, पडेल ते काम त्याने केले. बशा फोडल्या म्हणून एक नोकरीही गेली. पुढे एका उपाहारगृहात त्याला चांगली जागा मिळाली. पण ती सोडून तो व्हॉइझँ या नामांकित उपाहारगृहात साधा वाढपी म्हणून रुजू झाला. हुद्दा गेला तरी चालेल, शिकायला मिळाले पाहिजे, हा त्याचा हिशेब. कोणाला कोठे बसवावे, कोणाला काय रुचते, हे तो बघत गेला. आणि एकदा बघितलेले विसरला नाही.

या नजरेची परीक्षा रिगी पर्वतावरील हॉटेलात झाली. तेथील भोजनव्यवस्था त्याच्याकडे होती. एके दिवशी कडाक्याच्या थंडीत हॉटेल गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडली, आणि नेमके त्याच वेळी चाळीसेक अमेरिकन प्रवासी जेवायला येणार होते. रिट्झने भव्य भोजनगृहाऐवजी लहान दिवाणखान्यात टेबले मांडली. तांब्याच्या मोठ्या भांड्यांत स्पिरिट पेटवून खोली उबदार केली. विटा तापवून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून पाहुण्यांच्या पायांखाली ठेवल्या. पाहुणे तृप्त होऊन गेले. ही हकिगत कर्णोपकर्णी झाली आणि १८७८ च्या सुमारास, वयाच्या अठ्ठाविशीत, लूसर्नच्या ग्रँड हॉटेल नॅशनलचा कारभार त्याच्या हाती आला.

पुढे मोंटे कार्लो येथे त्याला ऑग्युस्त एस्कोफिये हा जोडीदार भेटला. हाही तेराव्या वर्षी काकाच्या स्वयंपाकघरात उमेदवारी केलेला. एकाने मुदपाकखाना सांभाळला, दुसऱ्याने दिवाणखाना. १८८९ मध्ये उघडलेले लंडनचे सॅव्हॉय हॉटेल या जोडीने नावारूपाला आणले. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी बाहेर जेवायला जाणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. सॅव्हॉयने तो संकोच मोडायला मोठा हातभार लावला.

परंतु या कीर्तीला डागही लागला. १८९८ च्या मार्चमध्ये सॅव्हॉयच्या चालकांनी गैरव्यवहाराच्या आरोपावरून रिट्झ व एस्कोफिये यांना कामावरून दूर केले. मद्याच्या साठ्यात मोठी तूट आढळली होती. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. चरित्र लिहिताना हे पान झाकून ठेवणे योग्य नव्हे.

त्याच वर्षी १ जून रोजी पॅरिसमध्ये त्याच्या स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. खोल्यांना जोडून स्नानगृहे होती. धूळ धरणारे जड पडदे त्याने टाळले आणि भिंती धुता येतील अशा रंगवून घेतल्या. जेवणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड कसा पडतो हे पाहण्यासाठी त्याने आपली पत्नी मारी हिला तासन्‌तास बसवून निरनिराळ्या रंगांचे आच्छादन दिव्यांवर चढवून पाहिले. पाहुण्याला गैरसोय जाणवण्याआधी ती आपल्याला जाणवली पाहिजे, हेच त्याचे शास्त्र.

त्याच शास्त्राने त्याला पोखरले. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. लंडनच्या कार्लटन हॉटेलात रिट्झने त्यासाठी जय्यत तयारी केली. दोन दिवस आधी राजावर शस्त्रक्रिया करावी लागली व समारंभ पुढे गेला. त्या धक्क्याने वर्षानुवर्षे ताणलेले त्याचे मन खचले ते पुन्हा पुरते सावरले नाही. १९०६ साली लंडनमध्ये रिट्झ हॉटेल उघडले, पण त्याचा आनंद भोगायला तो मनाने उरला नव्हता. १९१८ च्या ऑक्टोबरात लूसर्नजवळ क्यूसनाख्त येथे त्याचे निधन झाले. त्याच्या आडनावावरून इंग्रजीत डामडौलाच्या अर्थाचे विशेषणच रूढ झाले.

हजारोंच्या विसाव्याची काळजी वाहणाऱ्या या माणसाने स्वतःला विसावा दिला नाही, ही त्याच्या आयुष्याची शोकांतिका. ती विसरू नये. पण पदवी घेऊन बाहेर पडताना पहिली नोकरी हलकी वाटून ज्यांचे पाऊल अडखळते, त्यांनी व्हॉइझँमधला तो वाढपी आठवावा. चांगली जागा सोडून तो एक पायरी खाली उतरला होता, आणि त्याची खरी चढण तेथूनच सुरू झाली.