पुलावर कोरलेले सूत्र

इंग्लंडच्या पश्चिमेस आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथील डब्लिन शहरात १८०५ साली विल्यम रोवन हॅमिल्टन यांचा जन्म झाला. लहानपणी ते ट्रिम या गावी काकांजवळ वाढले. काकांनी पुतण्याला लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवली. पुढे विल्यमने अरबी, फारसी आणि संस्कृतचाही अभ्यास केला. इराणचे राजदूत डब्लिनला आले, तेव्हा चौदा वर्षांच्या विल्यमने त्यांच्यासाठी फारसीत स्वागतपत्र लिहिले होते! पण त्याचे मन रमले ते गणितात. वयाच्या २२व्या वर्षी, पदवी मिळण्यापूर्वीच, हॅमिल्टन खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी उणे एकच्या वर्गमूळाने गणितज्ञ बेचैन होते. ओळखीच्या कोणत्याही संख्येचा वर्ग उणे येत नाही. मग हे वर्गमूळ आहे तरी काय? लोक ते वापरीत, पण त्याला काल्पनिक म्हणत. हॅमिल्टन यांना हे पटेना. संमिश्र संख्या म्हणजे साध्या दोन संख्यांची जोडी, असे त्यांनी १८३३ साली मांडले. गुणाकाराचा नियम तेवढा ठरवायचा. (२, ३) आणि (४, १) यांचा गुणाकार पाहा. पहिल्या संख्यांचा गुणाकार ८, दुसऱ्यांचा ३, वजाबाकी ५. आता तिरके गुणाकार करा. २ गुणिले १ म्हणजे २, ३ गुणिले ४ म्हणजे १२, बेरीज १४. उत्तर आले (५, १४). याच नियमाने (०, १) चा वर्ग (–१, ०), म्हणजेच उणे एक येतो. करून पाहा!

जोडीने कागदावरचा बिंदू दाखवता येतो. अवकाशातील बिंदूसाठी तीन संख्या लागतात. त्यांचा गुणाकार मात्र काही केल्या जमेना. वर्षे गेली. ऑक्टोबर १८४३ मध्ये तर रोज न्याहारीच्या वेळी त्यांची मुले विचारीत, की गुणाकार जमला का? वडील खिन्नपणे मान हलवीत. बेरीज आणि वजाबाकीच येते, असे सांगत.

१६ ऑक्टोबरला ते पत्नीसह कालव्याच्या काठाने सभेला पायी निघाले होते. ब्रूम पुलाजवळ त्यांना एकाएकी सुचले, की तीन नव्हे, चार संख्या हव्यात! शिवाय क्रम बदलला की गुणाकार बदलतो, हेही मान्य करायला हवे. २ गुणिले ३ आणि ३ गुणिले २ सारखेच, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. ते सोडणे सोपे नव्हते. त्यांनी चाकू काढून पुलाच्या दगडावर सूत्र कोरले. या नव्या संख्यांना क्वाटर्निअन म्हणतात. अंतराळयान वळवण्याच्या गणितात त्या आज वापरल्या जातात.

हॅमिल्टन १८६५ साली वारले. त्यांनी कोरलेली अक्षरे झिजून गेली. १९५८ साली पुलावर दगडी पाटी बसवण्यात आली. तिच्यावर ते सूत्र वाचता येते.