उसन्या शंभर पौंडांचा विश्वविजेता : जॉन स्पेन्सर

स्नूकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बो बांधलेले गोरे खेळाडू आणि इंग्लंडमधली दूरदर्शनवरची स्पर्धा येते. पण या खेळाचा जन्म आपल्याच मध्यप्रदेशातला मानला जातो. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, पावसाळ्यात करमणूक म्हणून, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ सुरू केला, असे सांगतात. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) हौशी खेळाडूंची पहिली जागतिक स्नूकर स्पर्धाही 1963 साली आपल्या कलकत्त्यातच भरली. एवढे जवळचे नाते असूनही या खेळातल्या जुन्या मंडळींची आपल्याला फारशी ओळख नाही. त्यांपैकी एकाची ही जीवनकथा.

जॉन स्पेन्सर यांचा जन्म 18 सप्टेंबर 1935 चा, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या रॅडक्लिफ गावचा. हा सगळा भाग गिरण्यांचा आणि कामगारांचा. दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी क्लबात जाऊन दोन डाव खेळायचे, अशी तिथली रीत. पंधरा-सोळा वर्षांच्या जॉनचा हात या खेळावर चांगला बसला होता. पण अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेचे बोलावणे आले आणि क्यू कोपऱ्यात गेली. परत आल्यावर पोटापाण्याची कामे मागे लागली. खेळ सुटला तो जवळजवळ दहा-अकरा वर्षे. ज्या वयात खेळाडू घडतो, ती सगळी वर्षे अशी गेली.

तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा क्यू हातात घेतली. 1964 साली ते इंग्लंडच्या हौशी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचले आणि रे रिअर्डन यांच्याकडून हरले. 1965 साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा हार, या वेळी पॅट्सी हुलिहन यांच्याकडून. तिसऱ्या वर्षी, 1966 साली, मार्कस ओवेन यांना 11-5 असे हरवून ते हौशी विजेते झाले. त्याच वर्षी कराचीला झालेल्या जागतिक हौशी स्पर्धेत त्यांना दुसरा क्रमांक मिळाला. पहिले आले गॅरी ओवेन, म्हणजे मार्कस यांचे बंधू.

इथवरची गोष्ट यशाची आहे, पण यशाने घर चालत नाही. हौशी खेळाडूला बक्षीस म्हणून चषक मिळे, पगार नाही. दुसरीकडे व्यावसायिक स्नूकरची अवस्था त्याहून केविलवाणी होती. जो डेव्हिस यांच्या काळात गाजलेला हा खेळ पन्नाशीच्या दशकात पार ओसरला. 1957 नंतर जागतिक स्पर्धाच बंद पडली. 1964 पासून ती सुरू झाली खरी, पण विजेते जॉन पुलमन यांना कोणीतरी आव्हान द्यायचे आणि दोघांनी खेळायचे, एवढीच. 1951 मध्ये आलेल्या रेक्स विल्यम्स यांच्यानंतर व्यावसायिकांत एकाही नव्या माणसाची भर पडली नव्हती. कुणी यावे तरी कशासाठी?

अशा वेळी, 1967 साली, स्पेन्सर व्यावसायिक झाले. त्याच सुमारास रिअर्डन आणि गॅरी ओवेनही आले. महिन्याच्या महिन्याला पगार हातात पडणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदारांना या निर्णयाचे वजन चटकन कळेल. वय एकतीस, आणि धंदा असा की त्यात आधीच्यांचेच भागत नव्हते. पॉन्टिन्स कंपनीच्या हॉलिडे कॅम्पांमध्ये सुट्टीवर आलेल्या कुटुंबांपुढे खेळून दाखवायचे, क्लबाक्लबांतून प्रदर्शनी सामने करायचे, यावर त्यांची मिळकत होती. थोडक्यात, आपल्याकडचा एखादा कलावंत गावोगावच्या गणेशोत्सवात कार्यक्रम करत फिरतो, तसेच हे जगणे.

1969 साली एका सिगारेट कंपनीने पैसे दिले आणि जागतिक स्पर्धा पुन्हा बाद पद्धतीने घ्यायचे ठरले. प्रवेश शुल्क होते शंभर पौंड. स्पेन्सर यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांनी बँकेच्या व्यवस्थापकाकडून ते कर्जाऊ घेतले. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती गेली बारा वर्षे विजेतेपद राखून असलेल्या पुलमन यांच्याशी. स्पेन्सर यांनी त्यांना 25-18 असे हरवले. मग रेक्स विल्यम्स यांना 37-12 असे नमवले आणि अंतिम सामन्यात गॅरी ओवेन यांच्यावर 37-24 अशी मात करून कराचीच्या पराभवाची परतफेड केली. पहिल्याच प्रयत्नात विश्वविजेतेपद! बक्षीस मिळाले 1,300 पौंड. बँकेचे कर्ज फिटले हे सांगायलाच नको.

त्यांचा खेळ बघणाऱ्याला भुरळ घालणारा होता. लांबचा चेंडू नेमका पॉकेटात घालायचा आणि पांढरा चेंडू टेबलभर मागे खेचून आणायचा, हे त्यांचे खास कसब. त्याच वर्षी बीबीसीने रंगीत दूरचित्रवाणीसाठी ‘पॉट ब्लॅक’ हा छोटेखानी सामन्यांचा कार्यक्रम सुरू केला. लाल, पिवळे, हिरवे चेंडू रंगांत बघायला मिळू लागले आणि खेळाचे नशीब पालटले. हा कार्यक्रम स्पेन्सर यांनी 1970, 1971 आणि 1976 अशा तीन वेळा जिंकला.

1970 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉरन सिम्पसन यांना हरवून ते दुसऱ्यांदा विश्वविजेते झाले. त्यापुढच्या स्पर्धेचा अंतिम सामना 1972 च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला झाला. खाण कामगारांच्या संपामुळे वीज सारखी जात होती. तिथे अॅलेक्स हिगिन्स नावाच्या तरुणाने त्यांना 37-32 असे हरवले. पुढे 1974 साली मोटारीच्या अपघातात त्यांची लाडकी क्यू मोडून तिचे चार तुकडे झाले. तरीही 1975 साली पहिलीवहिली मास्टर्स स्पर्धा त्यांनीच जिंकली. अंतिम सामन्यात रिअर्डन आणि ते शेवटच्या फ्रेमपर्यंत बरोबरीत होते, आणि त्या फ्रेममध्येही गुण सारखे झाल्याने काळा चेंडू पुन्हा टेबलावर ठेवून निकाल लावावा लागला.

1977 साली जागतिक स्पर्धा प्रथमच शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात भरली. आज तीच जागा स्नूकरची पंढरी मानली जाते. तिथला पहिला विजेता होण्याचा मान स्पेन्सर यांचा. अंतिम सामन्यात त्यांनी कॅनडाच्या क्लिफ थॉर्बर्न यांना 25-21 असे हरवले, तेही जेमतेम दोन महिने वापरलेल्या, दोन तुकडे जोडून होणाऱ्या नव्या क्यूने. बक्षीस होते 6,000 पौंड.

नशिबाने मात्र त्यांची काही वेळा थट्टाच केली. स्नूकरमध्ये पंधरा लाल चेंडूंपैकी प्रत्येकामागे काळा आणि मग सगळे रंग एका दमात घातले की 147 गुण होतात. हा पूर्णांक. 1979 च्या जानेवारीत स्लाऊ येथे स्पेन्सर यांनी स्पर्धेच्या सामन्यात तो गाठला. पण टेबलाची पॉकेटे ठरलेल्या मापाची नसल्याने विक्रम अधिकृत धरला गेला नाही, आणि कॅमेऱ्याची माणसे सुट्टीवर असल्याने चित्रीकरणही झाले नाही. तीन वर्षांनी, 1982 च्या जानेवारीत, ओल्डहॅम येथे स्टीव्ह डेव्हिस यांनी स्पर्धेच्या सामन्यातला पहिला अधिकृत 147 नोंदवला, तोही दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर. त्या वेळी समोर खुर्चीत बसलेले प्रतिस्पर्धी होते जॉन स्पेन्सर.

खरा घाला पडला तो 1985 साली. त्या वर्षीचा जागतिक अंतिम सामना इंग्लंडमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावरही सुमारे 1 कोटी 85 लाख लोक घरी बसून बघत होते, आणि विजेत्याला 60,000 पौंड मिळाले. ज्या खेळाचे दुकान बंद होत आले असताना स्पेन्सर आत शिरले, तिथे आता सुबत्ता आली होती. नेमक्या त्याच वर्षी त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार असल्याचे निदान झाले. डोळ्यांचे स्नायू थकत आणि एका चेंडूचे दोन दिसत. ज्याची सारी रोजीरोटी नजरेवर, त्याचीच नजर गेली. औषधांनी थोडाफार आराम पडे, पण औषधांचा त्रासही होता. तशाही स्थितीत ते खेळत राहिले आणि 1992 साली निवृत्त झाले.

पण खेळाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. बीबीसीवर ते अनेक वर्षे समालोचन करत होते, आणि 1990 ते 1996 या काळात व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. हॉलिडे कॅम्पात खेळून दाखवणाऱ्या माणसाने नव्या पिढीच्या मिळकतीची व्यवस्था बघावी, हे उचितच झाले. 2003 साली त्यांना पोटाचा कर्करोग झाल्याचे कळले. 11 जुलै 2006 रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तीन विश्वविजेतीपदे ही काही सर्वांत मोठी संख्या नव्हे. रिअर्डन, डेव्हिस, हेंड्री यांची संख्या त्याहून मोठी आहे. पण भरलेल्या दुकानात शिरणे वेगळे आणि ओस पडलेल्या दुकानाचे कुलूप उघडणे वेगळे. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कधीतरी घर सोडून, ओळखपाळख नसलेल्या मुलुखात, पुढे काय होईल याची खात्री नसताना आले आणि त्यांच्या त्या धाडसावर आपण आज स्थिरस्थावर आहोत. स्पेन्सर यांची गोष्ट म्हणूनच परकी वाटत नाही. आज स्नूकर खेळून जे कोट्यवधी कमावतात, त्यांच्या कमाईच्या मुळाशी उसन्या शंभर पौंडांवर केलेली ती एक सुरुवातही आहे.